ऑपरेशन ठरवण्याआधी मुलाला बोलताना पाहा
इंदूरच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना, प्लास्टिक सर्जनना आणि बालरोगतज्ज्ञांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन झाल्यावरही जी मुलं नाकातून बोलत राहतात, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. मी इंदुरात स्पीच थेरपिस्ट आहे. ही मुलं तुमच्याकडून माझ्याकडे येतात, माझ्याकडून परत तुमच्याकडे जातात आणि या हेलपाट्यांत त्यांची शाळेची पहिली वर्षं निघून जातात. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण घरी मराठी बोलतात, आणि पुढचा एक मोठा भाग मराठी बोलणाऱ्या मुलांच्या तपासणीबद्दलच आहे.

मागणी एकच आहे. अशा मुलाचं दुसरं ऑपरेशन ठरवण्याआधी, किंवा 'ऑपरेशन नको, थेरपी करा' असं लिहून देण्याआधी, मूल जागं असताना आणि बोलत असताना नाकातून लवचीक दुर्बीण घालून त्याची टाळू आणि घसा नीट बंद होतात का ते पाहा. त्या वेळी स्पीच थेरपिस्टला शेजारी उभं करा. आणि जे दिसेल ते आवाजासकट रेकॉर्ड करून ठेवा.

सध्या बहुतेक वेळा काय होतं ते आपण सगळेच जाणतो. मूल खुर्चीत बसतं, टॉर्च लागतो, 'आ कर बेटा' म्हटलं जातं, पडजीभ वर जाताना दिसते आणि कागदावर 'टाळूची हालचाल चांगली' असं लिहिलं जातं. आई-वडील कागद घेऊन बाहेर येतात आणि मूल दारातच त्यांना गेंगाण्या आवाजात पाणी मागतं. कागदावरचं खोटं नसतं, टाळू हललेलीच असते. पण जिथे ती घशाच्या मागच्या भिंतीला टेकायला हवी ती जागा तोंडातून दिसतच नाही. ती टाळूच्या वर आणि मागे आहे. तोंडातून आपल्याला फक्त टाळूची खालची बाजू दिसते. शिवाय 'आ' हा स्वर टाळूकडून सर्वांत कमी काम मागतो. 'ई' आणि 'ऊ' म्हणताना ती जास्त वर जाते, आणि खरा दाब लागतो तो प, ट, क, च, स, श म्हणताना. यांतलं कुठलंही अक्षर म्हणताना ओठ, दात किंवा जीभ आड येते, मग टॉर्चने ते तपासणार कसं?

तुम्हाला शरीररचना शिकवायचा माझा इरादा नाही, पण हे पत्र आई-वडीलही वाचतील, म्हणून थोडं सांगते. म, न, ण, ङ, ञ ही अनुनासिकं सोडली तर मराठीतलं प्रत्येक व्यंजन म्हणताना नाकाकडे जाणारी वाट बंद व्हावी लागते. मऊ टाळू वर आणि मागे जाते, घशाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती आत येतात, आणि काही जणांत मागच्या भिंतीवर एक वळी पुढे येते, तिला पासावांची वळी म्हणतात. कोणाची वाट मुख्यतः टाळूच मागे जाऊन बंद करते, कोणाच्या बाजूच्या भिंती जास्त काम करतात, तर कोणाची चारही बाजूंनी बटव्याच्या तोंडासारखी आवळली जाते. हा निव्वळ वर्णनाचा भाग असता तर मी इथे लिहिला नसता. ऑपरेशनची निवड यावरच ठरते. बाजूच्या भिंती चांगल्या आत येत असतील तर मागच्या भिंतीवरून मधोमध पट्टी उचलून टाळूला जोडणं उपयोगी पडतं, कारण पट्टीच्या दोन्ही अंगांची मोकळी जागा त्या भिंती बंद करतात. भिंती जागच्या हलतच नसतील तर तीच पट्टी दोन्हीकडून गळती ठेवते. तिथे बाजूचे स्नायू वळवून वाट अरुंद करण्याचा विचार करावा लागतो. टाळूची लांबी पुरेशी आहे पण स्नायू चुकीच्या दिशेने जोडलेले राहिले आहेत असं दिसलं, तर टाळूचीच नव्याने बांधणी, किंवा 1986 साली फर्लो यांनी मांडलेली दुहेरी झेड-प्लास्टी (इंग्रजी 'झेड'सारखे छेद घेऊन टाळू लांबवणं) पुरते. टॉर्चच्या उजेडात हे तिन्ही पर्याय सारखेच दिसतात.

ही पद्धत नवी नाही. 1968 साली जपानमध्ये सावाशिमा आणि हिरोसे यांनी लवचीक फायबरची दुर्बीण नाकातून घालून बोलत्या माणसाचा घसा पाहिला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये पिगॉट यांनी निरोगी माणसाची टाळू-घशाची झडप, म्हणजे नाकाकडची वाट मिटवणारा हा सगळा भाग, नाकाच्या बाजूने कशी दिसते त्याची नोंद प्रसिद्ध केली. 1990 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने अशा तपासणीचा अहवाल कसा लिहावा याची पद्धतही घालून दिली: प्रत्येक भिंत किती सरकते ते शून्य ते एक या प्रमाणात मांडायचं, म्हणजे इंदूरचा अहवाल मुंबईच्या सर्जनलाही तसाच वाचता येतो. लागणारी दुर्बीण आपल्या शहरात पुष्कळ दवाखान्यांत रोज वापरात आहे. स्वरयंत्रासाठी जी नाकातून घालता, तीच. मुलांसाठी बारीक असली म्हणजे झालं.

तपासणी नीट झाली की काय काय दिसतं याचं एक उदाहरण देते. धारकडचा एक मुलगा, दुसरीत शिकणारा. टाळूचं ऑपरेशन बाळपणीच झालेलं. बोलणं नाकातलं, पण घरच्यांना कळत होतं. नाकात बधिर करणाऱ्या औषधाचा बोळा ठेवून थोडा वेळ जाऊ दिला, तोवर त्याला पडद्यावर स्वतःचा तळहात दुर्बिणीतून पाहायला दिला. मग आईच्या मांडीवर बसवून डॉक्टरांनी दुर्बीण नाकाच्या तळाने न नेता मधल्या वाटेने वरून नेली. तळाने नेली की ती टाळूवर पडते, टाळू उचलली की दुर्बीणही उचलली जाते आणि चित्र फसवं येतं. 'पापापा' म्हणताना टाळू उठली, मागे गेली आणि मधोमध टेकली. सगळ्यांना वाटलं, बंद झाली. 'सीसीसी' म्हणायला सांगितलं तेव्हा उजव्या कोपऱ्यात शेंबडाचे बारीक बुडबुडे उठू लागले. प्रत्येक 'सी'ला बुडबुडा. डावी भिंत आत येत होती, उजवी येत नव्हती, आणि त्या कोपऱ्यातून हवा निसटत होती. सर्जननी पट्टी उजवीकडे सरकवून घेण्याचं तिथल्या तिथे ठरवलं. दुर्बीण आत होती तो वेळ काही मिनिटांचा. या मुलाला त्याआधी एका ठिकाणी 'टाळू उत्तम, फक्त व्यायाम' असं सांगितलं गेलं होतं.

व्यायामाबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण या एका शब्दाखाली मुलांचं सर्वांत जास्त नुकसान होतं. फुगे फुगवा, मेणबत्ती विझवा, शिट्टी वाजवा, स्ट्रॉने पाण्यात बुडबुडे काढा. वर्षानुवर्षं हे लिहून दिलं जातं. फुंकताना, गिळताना आणि बोलताना टाळू बंद होण्याची तऱ्हा वेगवेगळी असते. मूल फुगा फुगवायला शिकतं आणि फुगा फुगवण्यातच पटाईत होतं. 'शाळा' म्हणताना हवा नाकातूनच जाते. जिथे टाळू आखूडच आहे तिथे फुंकून ती लांब होत नाही. घरोघरी आया रोज संध्याकाळी मुलाला मेणबत्तीपुढे बसवतात, आणि बोलणं सुधारलं नाही की 'तूच मन लावून करत नाहीस' म्हणून रागावतात. त्या मुलाचा काय दोष? कृपा करून प्रिस्क्रिप्शनवर फुंकण्याचे व्यायाम लिहिणं बंद करा. आम्ही थेरपिस्टही ते बंद करायला हवेत, आणि हे मी माझ्या व्यवसायबंधूंना उघडपणे सांगते.

याचा अर्थ थेरपी निरुपयोगी असा मुळीच नाही. नाकातून बोलण्याची कारणं साधारण तीन. एक, टाळू अपुरी आहे. दोन, रचना ठीक आहे पण नसा-स्नायू कमजोर आहेत. तीन, रचना आणि ताकद दोन्ही ठीक, पण मूल चुकीचं शिकलं आहे. या तिसऱ्या प्रकारात मूल फक्त 'स' आणि 'श' नाकातून काढतं, आणि प, ट, क म्हणताना दुर्बिणीत झडप घट्ट बंद झालेली दिसते. अशा मुलाला सुरी लावणं म्हणजे अन्याय आहे. ते थेरपीने बरं होतं. पहिल्या प्रकारातल्या मुलाला मात्र थेरपीच्या नावाखाली ताटकळत ठेवणं तितकंच वाईट. या तिघांना वेगळं करण्यासाठी आवाज ऐकणारा कान आणि झडप दाखवणारी दुर्बीण दोन्ही एकाच वेळी लागतात. म्हणून थेरपिस्ट शेजारी हवी. मानाचा प्रश्न नाही हा.

आणखी एक कारण आहे. बरीच मुलं तोंडात दाब साठत नाही म्हणून तो घशात साठवायला शिकतात. 'पापा' म्हणायचं तर ती गळ्यात आचका देऊन 'आ-आ' म्हणतात. हे उच्चार स्वरयंत्राच्या पातळीवर होतात, त्यामुळे टाळूला हलायचं कारणच उरत नाही. त्या क्षणी दुर्बिणीत भलीमोठी फट दिसते आणि मोठ्या ऑपरेशनचा सल्ला दिला जातो. खरं तर आधी काही आठवडे-महिने थेरपी करून निदान दोन-चार व्यंजनं जागेवर आणायची आणि मग दुर्बीण घालायची. कित्येकदा फट पुष्कळच लहान निघते. मूल घशातून उच्चार करतं आहे हे ऐकून ओळखणं आमचं काम आहे; पडद्याकडे पाहणाऱ्याचं लक्ष तिकडे जाणं अवघड असतं.

तसंच भोकाचं. कठीण टाळूत ऑपरेशननंतर एखादं छिद्र राहिलं असेल तर हवा तिथूनही नाकात जाते. ते च्युइंगमने तात्पुरतं बुजवून परत बोलायला लावलं की फरक कळतो. एवढी साधी गोष्ट न केल्याने घशाचं ऑपरेशन झालं आणि छिद्र तसंच राहिलं, असं व्हायला नको.

आता भाषेकडे येते. दुर्बीण आत असताना मूल काय बोलतं यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे मुलाला 'नाव सांग' म्हणतात, किंवा एक-दोन-तीन म्हणायला लावतात. 'दोन' आणि 'तीन' दोन्हींत न आहे, तिथे झडप उघडणारच. मग जी फट दिसते ती आजाराची की भाषेची? तपासायची वाक्यं अशी हवीत की त्यांत एकही अनुनासिक नसेल आणि दाबाची व्यंजनं भरपूर असतील. 'बाबा, पोपट बघा.' 'काकू केळी कापते.' 'सीता सायकल चालवते.' 'शशी शाळेत जाते.' आणि उलट बाजूने, नाक चोंदलं आहे का हे पाहायला सगळी अनुनासिकं असलेलं एखादं: 'मामी, मनीमाऊ आणा ना.' झडप उघडून पुन्हा किती चपळाईने मिटते हे पाहायला 'आंबा', 'पंखा', 'खांब' असे शब्द उत्तम.

मोजायलाच लावायचं तर साठच्या पुढचे आकडे म्हणून घ्या. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. इथपर्यंत एकही अनुनासिक नाही, आणि प्रत्येक आकड्यात स किंवा ष्ट. इतकी चांगली चाचणी मुद्दाम बसून रचली तरी जमणार नाही. पण हिंदीत चौंसठ आणि पैंसठ दोन्ही नाकातले आहेत. हिंदीत 'में', 'हैं', 'नहीं', 'कहाँ' यांतले स्वर मुळातच नाकातून यायला हवेत. मराठीत 'केलं', 'झालं' यांवर टिंब दिसतं, पण प्रमाण बोलीत ते नाकात जात नाही. रामबागेतलं किंवा राजेंद्र नगरातलं मराठी मूल शाळेत हिंदी, घरी मराठी आणि दोन्हींची मिसळ सगळीकडे बोलतं. ते कोणत्या भाषेत बोलतं आहे हे न पाहता 'आवाज नाकातला' असं लिहिणं धोक्याचं आहे. झाबुआकडून येणाऱ्या भिली बोलणाऱ्या किंवा खरगोनच्या निमाडी बोलणाऱ्या मुलांसाठी हा प्रश्न आणखी मोठा आहे. त्यांच्यासाठी वाक्यं त्यांच्याच आई-वडिलांच्या मदतीने करून घ्यावी लागतील.

कान-नाक-घसा तज्ज्ञांना दोन विनंत्या वेगळ्या. ॲडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातली गाठ) काढण्याआधी टाळू जरूर तपासा. लहान मुलांत टाळू पुष्कळदा ॲडेनॉइडलाच टेकून वाट बंद करते. ते काढलं की आखूड टाळू उघडी पडते. दुभंगलेली पडजीभ, टाळूच्या मधोमध निळसर पातळ रेघ, कठीण टाळूच्या मागच्या कडेला बोटाला लागणारी खाच, ही वरून अखंड दिसणाऱ्या पण आतून दुभंगलेल्या टाळूची लक्षणं. कालनन यांनी ती 1954 सालीच सांगितली आहेत. काही मुलांत यांतलं काहीच दिसत नाही आणि फक्त वरून, दुर्बिणीतून, टाळूच्या पाठीवर जिथे उंचवटा हवा तिथे सपाटी किंवा खोबण दिसते. ॲडेनॉइड काढल्यावर काही आठवडे आवाज नाकातला होणं फारसं चिंतेचं नाही. पण काही महिन्यांनीही तसाच राहिला तर 'होईल हळूहळू' म्हणू नका, तपासणीला पाठवा.

दुसरी विनंती, मागच्या भिंतीकडे क्षणभर नुसतं पाहत राहा. 22क्यू11.2 हा गुणसूत्राचा दोष असलेल्या मुलांत नाकातलं बोलणं वारंवार आढळतं, आणि त्यांच्यात मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी कधी कधी घशाच्या मध्याकडे सरकलेली असते. दुर्बिणीत ती भिंत ठोक्यागणिक उडताना दिसते. त्याच भिंतीवरून पट्टी उचलायची असेल तर हे आधी कळलेलं बरं. टॉन्सिल फार मोठे असतील तर तेही लिहा, कारण पट्टीनंतर घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं हा धोका त्या मुलांना जास्त.

बालरोगतज्ज्ञांना एवढंच सांगायचं आहे की टाळूचं ऑपरेशन झालेलं मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत नजरेआड होऊ देऊ नका. दुभंगलेले ओठ आणि टाळू 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहेत आणि 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पहिलं ऑपरेशन आता बऱ्याच मुलांचं वेळेवर होतं. त्यानंतर बोलणं कसं आहे हे मात्र कोणी विचारत नाही. वजन, लस, दात यांच्याबरोबर एक प्रश्न वाढवा: शाळेत बाईंना याचं बोलणं कळतं का?

अहवालाबद्दल. 'हालचाल पुरेशी' किंवा 'अपुरी' या एका शब्दावर ऑपरेशन ठरू नये. टाळू किती सरकली, डावी भिंत, उजवी भिंत, मागची भिंत, फट कुठे आणि कोणत्या आकाराची, कोणत्या उच्चाराला ती दिसली आणि कोणत्या उच्चाराला नाही, हे लिहायला हवं. रेकॉर्डिंगमध्ये आवाज हवाच. मूक व्हिडिओ माझ्या काही कामाचा नाही, कारण ती फट 'म'ला उघडली की 'प'ला हे त्यातून कळत नाही. एक साधा माइक जोडला की काम होतं. आणि त्याची प्रत पालकांना द्या. मूल पुढे मुंबईला किंवा दुसऱ्या सर्जनकडे गेलं तर दुर्बीण पुन्हा घालावी लागू नये.

काही जण म्हणतील की लहान मुलं दुर्बीण घालू देत नाहीत. तीन वर्षांची बहुतेक नाहीच देत. चार-पाचच्या पुढची, आधी नीट सांगितलेली, पुष्कळशी देतात. त्यांना आदल्या भेटीत आम्ही वाक्यं पाठ करून घेऊ, बाहुलीच्या नाकात नळी घालायचा खेळ खेळू, काय वाटेल ते खरं सांगू. नाकात विचित्र वाटेल, डोळ्यांत पाणी येईल, सुई नाही. भूल देऊन मात्र ही तपासणी करू नका. झोपलेलं मूल बोलत नाही.

हे चालावं कसं, याचाही विचार केला आहे. महिन्यातून एक दिवस ठरवून शहरातल्या अशा सगळ्या मुलांना एका जागी बोलवावं. तिथे एक कान-नाक-घसा तज्ज्ञ, एक प्लास्टिक सर्जन आणि एक स्पीच थेरपिस्ट असावेत, आणि निर्णय त्याच दिवशी तिघांनी मिळून पालकांसमोर सांगावा. तपासणी सकाळी लवकर सुरू व्हावी. बडवानी आणि झाबुआचे लोक रोजंदारी बुडवून येतात, दुपारी गंगवाल किंवा सरवटे बस स्थानकावरून परतीची गाडी मिळाली तरच त्यांचा मुक्कामाचा खर्च वाचतो. मराठी आणि हिंदी वाक्यांचा कागद मी तयार करून ठेवला आहे, अहवालाचा नमुनाही आहे. तुमच्यापैकी ज्यांना तो हवा असेल त्यांना तो विनामूल्य देईन, आणि ज्यांच्याकडे दुर्बीण आहे त्यांच्याकडे त्या दिवशी स्वतः येऊन मुलांना बोलतं करीन. जागा आणि वार तुम्ही ठरवा.

आपली,
एक स्पीच थेरपिस्ट
रामबाग, इंदूर